हाक मारून जायची वाट

देवबागात एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला समुद्र. मधल्या चिंचोळ्या पट्टीत प्रत्येकाची वाट कुणाच्या तरी आवारातूनच जाते. माझी अशील असलेली काकी लग्न होऊन आली तेव्हापासून शेजारणीच्या माडांतून खाडीवर जायची. शेजारीण वारली, मुलांनी जागा विकली, नव्या मालकाने होमस्टे बांधला आणि वाटेवर कुंपण घातलं. काकीच्या गुडघ्यांना वाळूतला वळसा झेपत नव्हता, आणि खाडीच्या चिखलातले खुबे-शिंपले काढल्याशिवाय तिचा दिवस सरत नव्हता. मी वहिवाटीचा दावा लावला. बाजू इतकी भक्कम की मी निर्धास्त होते. वकील निर्धास्त झाला की समजावं, काहीतरी बिनसणार आहे.

समोरच्या वकिलांनी उलटतपासणीत विचारलं, "जाताना हाक मारायचात?"

"मारूची नाय तर काय? 'जातंय गो' म्हणान. दुसऱ्याच्या आवारातसून मुकाट्यान कोण जातला? चोर?"

"आणि ती काय म्हणायची?"

"'जा गो' म्हणायची. आनी काय म्हणतली?"

मी डोळे मिटले. वकिलांनी लगेच घाटावरच्या एका बैलगाडीच्या वाटेबद्दलचं हायकोर्टाचं रूलिंग पुढे केलं: दरवेळी परवानगी मागून केलेल्या वापरातून हक्क निर्माण होत नाही. मी परोपरीने सांगितलं, ही परवानगी नव्हे, रीत आहे. उत्तरासाठी इथे कुणी थांबत नाही. पण निकाल विरुद्ध गेला, आणि जिल्हा कोर्टातही तोच कायम राहिला. म्हणजे मुकाट घुसणाऱ्याला हक्क आणि माणुसकीने वागणाऱ्याला कुंपण. मला भयंकर राग आला होता. अजून येतो.

हायकोर्टात जायचं मी मनाशी ठरवूनच टाकलं. जिंकले असते तर रूलिंगच्या पुस्तकात माझंही नाव आलं असतं, खोटं कशाला सांगू. काकीच्या घरापुढच्या खळ्यात बसून मी तिला सगळं समजावलं.

"आनी हरलंव तर?" तिने विचारलं.

"तर तां रूलिंग होतलां. मगे तुज्यासारखी हाक मारून जाणारी कोणय कोर्टात इली, की ह्योच निवाडो तिच्यापुढे टाकतले."

"आता टाकूचे नाय?"

"खालच्या कोर्टाचो निकाल दुसऱ्या जजाक बांधून ठेवणा नाय."

हाक मारल्याशिवाय वाडीत कुणी कुणाच्या आवारात पाऊल टाकत नाही, हे तिला कुणी सांगायला नको होतं. मग म्हणाली, "मगे नको गो बाय. माजे पाय तरी आता किती दिवस चालतले?"

मी चिडले, विनवण्या केल्या. ती बधली नाही. तिचं खाडीवर जाणं थांबलं.

पुढे कसालकडचा एक बागायतदार तसंच प्रकरण घेऊन आला. तोही हाक मारूनच जायचा. समोरच्यांनी पुन्हा तीच बैलगाडी आणली. मी म्हटलं, तो गाडीवाला परवानगी मागत होता. नुसत्या हाकेबद्दल हायकोर्ट अजून काहीच बोललेलं नाही. इथले जजसाहेब वेगळे होते. त्यांना ते पटलं आणि वाट मोकळी झाली.

दुसऱ्या दिवशी तो शहाळ्यांचा घड घेऊन घरी आला. मी म्हटलं, "ही देवबागला काकीकडे पोचवा."

"तिचो ह्यात काय संबंध?" त्याने विचारलं.

"ती हायकोर्टात गेली नाही," मी म्हटलं आणि पत्ता लिहून दिला.