कौलांवरचे पाच कोहळे

कोहळ्याचे सांडगे तळल्याचा वास आला, की माझं डोकं अजूनही तापतं. युद्धाचे दिवस होते, जबलपुरात ब्लॅकआउट असे, आणि आमच्या फॅक्टरी-क्वार्टरच्या कौलांवर आईने लावलेला कोहळ्याचा वेल पसरला होता. भांडी विसळलेलं पाणी मी रोज त्याच्या आळ्यात ओतायची. पाच कोहळे पिकून पांढरेशुभ्र झाले होते. एका सकाळी कॉलनीतल्या ब्लॅकआउटवर देखरेख करणारे साहेब, बाबांचेच वरिष्ठ, फाटकाशी थांबून म्हणाले, "भाभीजी, ये सब चाँदनी में चमकते हैं, हवाई जहाज से दिखेंगे. जमा करने पड़ेंगे." आई म्हणाली, "जमा काहून? मी काजळी फासून देते ना त्यांना!" पण बाबांनी शिडी लावली आणि पाचही कोहळे स्वतः साहेबांच्या बंगल्यावर पोचवले. आठवड्याने मी आणि आई त्या बंगल्यावरून जात होतो. कुंपणाशी कोहळ्यांच्या सालींचा ढीग होता आणि अंगणात लांबलचक पांढऱ्या धोतरावर सांडगे वाळत होते. आई रस्त्यातच कडाडली, "एवढं धोतर नाही दिसत का विमानाला?" पुढे त्याच सांडग्यांची वाटी आमच्या घरी आली. "साहेबांनी आठवणीने पाठवले, तळ," बाबा म्हणाले. आईने तळून त्यांच्या ताटात वाढले आणि ती न जेवता उठली. साहेबांचा चेहरा आज मला आठवतसुद्धा नाही. पण बाबांनी सांडगा कुरुमकुरुम खाऊन "छान झालेत" म्हटलं, ते अजून माझ्या घशाखाली उतरलेलं नाही.