पंगतीतला सलाम

मुंबईच्या केटरिंग कॉलेजात मला सगळ्यात आधी काय शिकवलं असेल, तर चालायला. थट्टा नाही. डाव्या हातावर तीन भरलेल्या प्लेटा, उजवा हात मोकळा, मान ताठ, चेहऱ्यावर हसू आणि पावलांचा आवाज बिलकूल नाही. मी धामणगाव बढ्याचा गडी, मुंबईची गाडी नांदुऱ्याला धरणारा. ढेकळांतून चालायची सवय असलेली माझी पावलं त्या गुळगुळीत फरशीवर अशी पडायची की आमचे सर्व्हिसचे सर डोळे मिटून म्हणायचे, "आली नांदुऱ्याची मालगाडी."

महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा फार वर्षं झाली नव्हती. आमच्या भागातली शिकणारी पोरं मास्तर व्हायची, वकील व्हायची, फार तर डॉक्टर. मी एका जाहिरातीतला पांढरा कोट आणि काळा बो पाहून भुललो आणि अर्ज करून बसलो. वडिलांना वाटलं, कॉलेज आहे, मुंबईत आहे, सरकारमान्य आहे, म्हणजे चांगलंच असणार. पहिल्या सुट्टीत मी त्यांना अभ्यासक्रम सांगितला. त्यांनी तो शांतपणे ऐकला, उठले आणि बैलांना चारा टाकायला गेले. बैलांपुढे चारा होताच.

त्यानंतर गावात कुणी विचारलं की ते सांगायचे, "पोरगा म्यानेजरकी शिकून राह्यला." ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे लगेच कापसाचं जिनिंग उभं राहायचं, त्यातली खुर्ची आणि खुर्चीत मी. वडील ते चित्र पुसत नसत. मीही पुसत नसे. गावात हॉटेल म्हणजे बसथांब्याजवळचं झोपडं, काळी पडलेली किटली आणि फडक्याने पुसलेल्या कपबश्या. चाळीस एकरांच्या घरातलं पोरगं त्या कामाचं शिक्षण घेतंय, तेही फी भरून, हे सांगायचं कसं?

दुसऱ्या वर्षीच्या उन्हाळी सुट्टीत बहिणीचं साक्षगंध ठरलं. साक्षगंध म्हणजे मुलाकडची मंडळी येऊन मुलीला कुंकू लावतात, साडी देतात आणि चार माणसांदेखत सोयरीक पक्की करतात. आधी दोन ठिकाणचे लोक तिला पाहून, पोहे खाऊन गेले होते आणि त्यांचा निरोपच आला नव्हता. हे तिसरं स्थळ मेहकरकडचं. ओलिताची जमीन, मुलगा शिकलेला, आणि मुख्य म्हणजे बहिणीला तो आवडला होता. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. पण एरवी माझ्याशी पाण्याच्या तांब्यावरून भांडणारी ती त्या आठवड्यात माझे शर्ट न सांगता धुऊ लागली, यावरून मी काय ते ओळखलं.

आदल्या दिवशी वडिलांनी मला गोठ्यात बोलावलं.

"पाव्हण्यायनं इचारलं तं म्यानेजरकी म्हणजो. सैपाकाचा इषय काढू नको."

"बाबा, पण ते मॅनेजमेंटच आहे."

"हाव, मले माहीत हाये. तू तिथं अंडे फेटतं, थे बी माहीत हाये."

आमच्या घरात अंड्याचं नावही कुणी घेत नसे.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुंकू लागलं. साडी दिली, नारळ दिला, लग्नाची तिथी मात्र जेवणानंतर काढू असं ठरलं. अंगणात मांडव होता, जमिनीवर पट्ट्या अंथरल्या होत्या आणि समोरासमोर दोन लांब ओळी बसल्या. पळसाच्या पत्रावळी, वरण-भात, वांग्याची भाजी, पोळ्या, बुंदी. वाढायला आमचे भाऊबंद. तूप वाढायचा मान वडिलांचा. आणि मी मुलीचा भाऊ, म्हणून माझं काम ओळीतून फिरत आग्रह करायचं. घ्या हो, अजून एक घ्या हो, आमच्या गळ्याची शपथ आहे.

आता हे काम म्हणजे माझ्या सगळ्या शिक्षणाच्या उलटं. कॉलेजात आग्रहाला बंदी. पाहुण्याला नको असलेलं वाढणं हा अपराध, आणि त्याहून मोठा अपराध एकच: पाहुण्याचं खाऊन झालं तरी रिकामी प्लेट त्याच्या पुढ्यात पडून राहू देणं. "रिकामी प्लेट म्हणजे तुमच्या तोंडाला फासलेलं काळं," असं सर म्हणायचे आणि खरोखर परीक्षेत त्याचे गुण कापायचे. वाढायचं डावीकडून, उचलायचं उजवीकडून, आणि उचलायचं ताबडतोब. दोन वर्षं हे माझ्या हातात असं मुरलं होतं की मेसमध्ये मित्राचा शेवटचा घास तोंडात जायच्या आत मी त्याची थाळी ओढायचो.

मुलाचे वडील पहिल्या जागेवर बसले होते. पांढरा फेटा, भरघोस मिशा, बसल्या जागी मांडवाचा खांब वाटावा असा देह. त्यांचं जेवण झपाट्याचं. बाकीची ओळ वरणापाशी असताना त्यांची पत्रावळ लख्ख झाली होती. बुंदीचा कणसुद्धा नाही. ते आरामात बसले होते, हाताला खरकटं तसंच, ओळीचं आटोपायची वाट पाहत. कारण पंगतीतला वडील माणूस उठला की सगळी पंगत उठते, मग कुणाच्या हातात अर्धी पोळी का असेना. म्हणून तो बसून राहतो. हे मला माहीत नव्हतं का? जन्मल्यापासून माहीत होतं. माझ्या हाताला माहीत नव्हतं.

मी त्यांच्या उजवीकडून गेलो, कमरेत वाकलो आणि आवाज न करता त्यांची पत्रावळ उचलली.

मालगाडी त्या दिवशी पहिल्यांदा बिनआवाज धावली. सरांनी पैकीच्या पैकी दिले असते.

आधी भुरक्यांचा आवाज बंद झाला, मग बोलण्याचा. मुलाच्या वडिलांनी पुढ्यातल्या रिकाम्या जमिनीकडे पाहिलं. मग माझ्याकडे, मग माझ्या हातातल्या पत्रावळीकडे.

"झालं म्हणा आमचं," ते म्हणाले आणि उठायला एक हात गुडघ्यावर ठेवला.

त्यांच्या शेजारच्याने घास खाली ठेवला. त्याच्या शेजारच्यानेही. तो घास खाली ठेवण्याचा प्रकार ओळीतून सरकत शेवटपर्यंत जाताना मी पाहिला. वडील तुपाची चरवी घेऊन धावत आले.

"पाव्हणे, बसा. पोराची चूक झाली."

"चूक कायची? पत्रावळ उचलली म्हंजे निंगा आता. येवढं समजते आमाले."

"नाई हो, तसं नाई. तो... तसंच शिकला हाये तो."

"काय शिकला?"

वडिलांनी चरवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. मांडवात आमचं सगळं गाव होतं. घराच्या दारात बायकांच्या घोळक्यात बहीण उभी होती, नव्या साडीत, आणि तिचा चेहरा मला इथून दिसत होता.

"मुंबईले हाटेलाचं कॉलेज हाये," वडील म्हणाले. "कसं वाढाव, कसं उचलाव, थे शिकवते. खाणं झालं का लगेच उचलाच, असं त्यायचं हाये."

"तुमी तं म्हणे म्यानेजर?"

"हाटेलाचा म्यानेजर."

ओळीतून कुणीतरी बोललं, "म्हंजे आचारी व्हय!" आणि कुणी दुसरा, "आचारी कायचा बे, कपबश्या धुणारा!" वडिलांचे कान लाल झालेले मी आयुष्यात तेव्हाच पाहिले.

पाहुण्यांचा हात गुडघ्यावर तसाच होता. ते उठले असते तर सगळे उठले असते आणि साक्षगंध तिथेच मोडलं असतं. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मिशीचं एक टोक हललं.

"इकडं ये बे," ते म्हणाले. "त्या मुंबईच्या हाटेलात कसं करते, दाखव बरं आमाले." आणि मांडी पुन्हा घालून बसले.

ओळ बसली. आणि मग मला स्फुरण चढलं.

मी खांद्यावरचा गमछा घडी घालून डाव्या हातावर टाकला. नवी पत्रावळ दोन बोटांनी धरून त्यांच्यापुढे अशी ठेवली जशी काही ती चिनी मातीची आहे. टाचा जुळवल्या. "गुड आफ्टरनून, सर. आज आमच्याकडं वरण आहे, भात आहे, आणि शेफची खास शिफारस, वांगं." मांडव हशाने फुटला. मी डावीकडून वाकून दोन चमच्यांत एकच पोळी धरून वाढली. द्रोणातलं पाणी, जशी काही ती उंची विलायती दारू आहे, वास घेऊन, डोळे मिटून, मान डोलावून त्यांच्यापुढे केलं. पाहुणे हसता हसता ठसकले. मुलं धावत आली, बायका दारातून पुढे सरकल्या. जितके ते हसत तितका मी वाकत होतो, तिरका चालत होतो, इंग्रजी फेकत होतो. खरं सांगतो, मजा येत होती. दोन वर्षं ज्या फरशीवर माझी टिंगल झाली, ती सगळी फरशी मी त्या अंगणात आणली होती.

"अन् आता?" पाहुण्यांनी डोळे पुसत विचारलं.

"आता सर टीप देतात," मी म्हणालो आणि हात पुढे केला.

त्यांनी डाव्या हाताने बंडीच्या खिशातून एक नाणं काढून माझ्या तळहातावर ठेवलं. आणि मी कमरेतून वाकून सलाम केला. खालपर्यंत, पार जमिनीला हात लागेल असा.

वर आलो तेव्हा वडील समोर होते. चरवी धरून, सगळ्यांच्या हसण्यात उभे, एकटे न हसणारे. तूप वाढायचं राहून गेलं होतं. त्यांनी मान वळवली आणि ओळीच्या दुसऱ्या टोकापासून वाढायला सुरुवात केली.

तिथी निघाली. वैशाखातली. पाहुणे गेल्यावर बहीण माझ्या हाताला धरून लहानपणी उड्या मारायची तशी एक उडी मारून आत पळाली. वडील ओसरीवर बसले होते. पत्रावळीचा शब्दही त्यांनी काढला नाही.

"सलाम काऊन केला बे?"

"गंमत होती, बाबा."

"त्यायची झाली," ते म्हणाले.

लग्न झालं, बहीण मेहकरकडे सुखात नांदली. पण त्या घरी मला दुसरी ओळखच राहिली नाही. मी पास झालो, मोठ्या हॉटेलात लागलो, सुटाबुटात दिवाळीला गेलो, तरी तिचे सासरे ओट्यावरून हाक मारायचे, "आला का आमचा म्यानेजर? कर बे सलाम!" आणि मी करायचो. दाराआड बहीण असायची म्हणून करायचो. सगळे हसायचे, मीही हसायचो. वडील सोबत असले की त्यांना नेमकं तेव्हा विहीर पाहायची असायची किंवा बैलजोडी. परत येताना बसमध्ये ते खिडकीबाहेर बघत बसायचे, आणि माझ्या मानेवर घाम यायचा.

पुढे ते सासरे अंथरुणाला खिळले. आम्ही बापलेक भेटायला गेलो. मिशा पांढऱ्या झाल्या होत्या, फेटा खुंटीला होता. ओळखतात की नाही कळेना. मग त्यांचं मिशीचं टोक हललं आणि चादरीवरचं एक बोट वर उठलं. मी वडिलांकडे पाहिलं. ते खाटेजवळच्या स्टुलावर बसले होते आणि या खेपेला उठले नाहीत. मी अर्धवट, ओशाळून कपाळाशी हात नेला.

"नीट कर बे," वडील म्हणाले. "वाकून कर."