शिंपीणबाईंचा नवा चष्मा

चष्मेवाला मेलेल्या गिऱ्हाइकांच्या काचा नव्या फ्रेममध्ये बसवून विकतो, अशी कुजबुज गल्लीभर झाली होती. ती सोडली होती समोरच्या शिंपीणबाईंनी. बाईंची जीभ त्यांच्या कात्रीपेक्षा तेज.

झालं असं, त्याच्याकडचा नवा चष्मा येऊन महिनाही झाला नव्हता, तोच बाईंना सुईचं नेढं दिसेनासं झालं. एका शर्टाची कॉलर तिरकी बसली आणि गिऱ्हाइकाने तो तोंडावर फेकला. नजर गेली तर खायचं काय, या धास्तीने बाई पेटल्या आणि थेट चष्मेवाल्याच्या काउंटरवर जाऊन आदळल्या.

"कुठल्या मढ्याच्या काचा माझ्या गळ्यात मारल्यास रे?"

"तोंड सांभाळा बाई! नंबर तुमच्याच डोळ्यांचा आहे. आजारबिजार लपवताय का काही?"

"मला काय धाड भरलीये? आजारी असतील तुझी गिऱ्हाइकं!"

बाईंच्या पिशवीत मधुमेहाच्या गोळ्या होत्या. चष्मा आला त्याच आठवड्यात डॉक्टरांनी सुरू केलेल्या. पण ते या मेल्याला कशाला सांगायचं? चष्मा त्याच्या अंगावर भिरकावून त्या निघाल्या आणि वाटेत भेटेल त्याला मढ्याची गोष्ट ऐकवत गेल्या.

काचा नव्याच होत्या. चष्म्यासाठी डोळे तपासले तेव्हा बाईंच्या रक्तात साखर बेसुमार होती. ती डोळ्याच्या भिंगात शिरली, तिथे तिचं सॉर्बिटॉल नावाचं द्रव्य झालं, त्याने पाणी ओढलं आणि भिंग फुगलं. चष्म्याचा नंबर त्या फुगलेल्या भिंगाचा होता. गोळ्यांनी साखर उतरली, भिंगाची सूज ओसरली आणि नंबर बदलला.