बाबांचा आवाज असलेली हार्ड डिस्क

मित्रांनो, सकाळपासून जिवाची नुसती धाकधूक चालली होती, म्हणून लिहितोय.

वर्षापूर्वी घशाच्या ऑपरेशनमध्ये बाबांचा आवाज गेला. ताईच्या लग्नात त्यांनी म्हटलेल्या मंगलाष्टकांचा व्हिडिओ एकाच हार्ड डिस्कवर उरलाय, आणि आमच्या जुन्या कॉम्प्युटरवर ती आज दिसेचना.

मागचे यूएसबी पोर्ट कधीच बंद पडलेले. टॉर्च लावून बघितलं, तर पुढच्या दोन्ही पोर्टमध्ये हळदीकुंकू भरलेलं! आईनं दसऱ्याला यंत्राची मनापासून पूजा केली होती.

"तिथं भोकं असतात, मला काय म्हायीत?" आई म्हणाली.

पुंडलिकनगरच्या दुकानातून मागं नवे पोर्ट देणारं यूएसबी कार्ड आणलं, कॅबिनेट उघडून आत बसवलं. स्क्रू चारदा तपासले. बाबांनी पाटीवर लिहिलं, "कॉम्प्युटर हाय, बॉम्ब नाय."

मागच्या नव्या पोर्टला डिस्क जोडली आणि ती दिसली. घरात बाबांचा आवाज घुमला.

आई ऐकत राहिली. मग बाबांकडं वळून म्हणाली, "लई वरची पट्टी धरली होती. तेव्हाच म्हटलं होतं मी."

बाबा पोट धरून हसले, अगदी बिनआवाजाचं.

आता त्या व्हिडिओच्या तीन प्रती केल्यात. तुमच्या माणसांचा आवाज तुमच्याकडं कुठं ठेवलेला आहे?