केस जिंकूनही एथन घरी येणार नसेल तर?

मंडळी, आज लंच ब्रेकमध्ये इथे आखातात, हमरियाच्या ऑफिसबाहेर गाडीत बसून एक व्हिडिओ कॉल घेतला. अजून कामात लक्ष लागत नाहीये.

माझी धाकटी बहीण रीना युरोपात नर्स आहे. पाळणाघराच्या एका तक्रारीवरून तिथल्या बालकल्याण खात्याने तिचा मुलगा एथन दुसऱ्या कुटुंबात ठेवला. दोन वर्षं झाली, आता तो चार वर्षांचा आहे. तिथल्या सगळ्या कोर्टांत आम्ही हरलो. उरलंय फक्त स्ट्रासबर्गचं मानवाधिकार न्यायालय.

कॉलवर रीना आणि तिच्या वकीलबाई होत्या. वकीलबाई म्हणाल्या, "अलीकडचे बरेच निकाल आपल्या बाजूचे आहेत. आई आणि मुलाला पुन्हा एकत्र आणायचा प्रयत्न सरकारने करायलाच हवा, असं न्यायालय म्हणतंय."

मी गाडीतच हात जोडले.

रीनाने विचारलं, "किती वेळ लागेल?"

"काही वर्षं. आणि खरं सांगते, जिंकलेल्या आयांनाही मूल परत मिळतंच असं नाही. तोवर त्याला तेच घर आपलं वाटायला लागतं."

"मग जिंकून करू काय?"

वकीलबाईंनी अर्जाचं शेवटचं पान स्क्रीनवर आणून सहीची जागा दाखवली.

रीना म्हणाली, "दादा, मी सही करते. मोठा झाल्यावर त्याला कळू दे, मी त्याला सोडलं नव्हतं."

मी "इन्शाल्ला, होईल सगळं ठीक" म्हणालो. माझं मलाच पटलं नाही.

तुमच्यापैकी कुणी यातून गेलंय का? मूल खरंच परत आलंय असं एक तरी घर माहीत असेल तर प्लीज सांगा. तिला सांगायला माझ्याकडे काहीच नाहीये.