आक्कांचं वाण

घणसोली गावात नव्याने नांदायला आलेल्या मुलीला दोन बायकांची धास्ती असायची: एक तिची सासू आणि दुसऱ्या आमच्या खालच्या मजल्यावरच्या आक्का. त्यातही सासू परवडली. आक्का मूळच्या साताऱ्याकडच्या, मालक वाशीच्या भाजी मार्केटात माथाडी. ते रोज पिशवीभर पालेभाजी आणायचे आणि आक्का ती जिन्यात बसून निवडायच्या. बिल्डिंगला जिना एकच, त्यामुळे नवी नवरी कुठेही निघाली तरी तिला आक्कांच्या मांडीवरच्या मेथीला वळसा घालूनच जावं लागे. आक्का तिच्या हातात पालकाची जुडी कोंबायच्या आणि तीन मजल्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारायच्या, "गोळी चालू केली का गं?" ती बिचारी लाजून लाल व्हायची. वर उपदेश, "भाजी लई शिजवू नगंस. समदं सत्त्व जातंय." एकदा तर त्यांनी सरळ माझ्या स्वयंपाकघरात शिरून पालकाखालचा गॅस बंद केला. मी जाम खवळले. भाजी त्या दिवशी बरी झाली होती, पण हे मी त्यांना आजतागायत सांगितलेलं नाही.

गोळी कसली, हे विचारायची हिंमत कुणी केली नाही. आम्ही सगळ्याजणी मनात एकच गोळी धरून चाललो होतो, पाळणा लांबवायची. माझ्या मुलाचं लग्न झालं त्याच वर्षी आक्कांनी संक्रांतीचं हळदीकुंकू केलं. वाण म्हणून बायका चहाची गाळणी देतात, प्लास्टिकचे डबे देतात. मलाही गाळणीच मिळाली. पण माझ्या सुनेच्या ओंजळीत आक्कांनी तिळगुळाबरोबर बारीक पिवळ्या गोळ्यांची दोन पाकिटं ठेवली. माझं डोकंच फिरलं! मी नातवंडासाठी डोळे लावून बसलेली आणि ही बाई माझ्याच सुनेला असलं काही वाटते? "आक्का, माझा वंश बुडवायला निघालात काय?" भर बायकांत मी ओरडले, पाकिटं त्यांच्या ताटात आपटली आणि सुनेला हाताला धरून वर घेऊन आले. मागून आक्का एवढंच म्हणाल्या, "वैनी, नीट वाचा तरी." पण तेव्हा वाचतंय कोण!

चार दिवसांनी बीपी दाखवायला गेले, तेव्हा डॉक्टर मॅडमपुढे मी सगळी गाऱ्हाणी ओतली. त्या आधी हसल्या, मग एकदम गंभीर झाल्या. "काकी, आक्का मला विचारूनच त्या गोळ्या देतात. ते फोलिक अ‍ॅसिड आहे, ब गटातलं जीवनसत्त्व. पालेभाजीत असतं, पण या दिवसांत तेवढं पुरत नाही. बाळाची पाठ पोटात पहिल्या महिन्यातच मिटते, नाही मिटली तर कण्यात फट राहते. तेव्हा आईला दिवस गेलेत हे कळलेलंही नसतं. म्हणून गोळी आधीपासून घ्यायची. धोका अगदी संपत नाही, पण पुष्कळ कमी होतो." आणि मग त्यांनी विचारलं, "तुमच्या सुनेनं चालू केलीय ना?"

गोळी तर मीच तिच्या हातातून काढून घेतली होती.

तशीच उठले आणि थेट आक्कांच्या दारात गेले. "चुकलं माझं, आक्का," म्हणाले. आक्कांनी मला आत बसवलं, पाणी दिलं. "माझा पहिला पोरगा," त्या म्हणाल्या, "पाठीला फट घिऊन आला. मी दवाखान्यात नाव घातलं तवा तिसरा म्हैना हुता. डाक्टर म्हनली, आता गोळी घिऊन त्ये भरत न्हाई, आधी याया पायजे हुतं. आधी कसं यायचं वैनी? कुनी सांगितलंच न्हवतं." मग त्यांनी फळीवरचा डबा काढला आणि तीच दोन पाकिटं माझ्या हातात ठेवली. मला रडू आवरेना. उलट त्याच माझी समजूत घालत बसल्या. त्याच दिवसापासून मी सुनेला रोज समोर उभी राहून गोळी द्यायला लागले.

पुढच्या वर्षी मला नात झाली. आक्का एव्हाना करंजाड्याला राहायला गेल्या होत्या, पण दोन बस बदलून बारशाला आल्या. बाकीच्या बायका नाक कुणाचं, रंग कुणाचा यावर भांडत होत्या. आक्कांनी बाळाला अलगद मांडीवर पालथं घेतलं, झबलं वर सारलं आणि मानेपासून खाली एकेक मणका बोटानं चाचपत गेल्या. घाई अजिबात नाही. शेवटाला पोचल्या तेव्हा त्यांचे डोळे भरले होते.

"मिटलंय," त्या म्हणाल्या. "समदं मिटलंय."

मग झबलं नीट करत, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "आमचा बारशाच्या आदल्या दिशी गेला. नाव ठिवायचं ऱ्हाऊनच गेलं."

"काय ठेवणार होता, आक्का?" मी विचारलं.

इतक्या वर्षांत त्यांना हे कुणी विचारलं नसावं. पाळण्याभोवती नुसता गलका चालला होता, काही ऐकू येईना, म्हणून मी कान त्यांच्या तोंडाशी नेला आणि त्यांनी ते नाव मला सांगितलं.