काटे काढलेला मासा

रेवा, नील,

परवा फोनवर रेवाने विचारलं, "आजी, आबांनी शेवटी तुला ओळखलं होतं ना?" मी "हो" म्हणाले आणि लगेच तुमच्या परीक्षांकडे वळले. त्यांना जाऊन सात आठवडे झाले. ते "हो" खरं होतं की नाही, हे मला ठाऊक नाही... म्हणून लिहिते आहे.

तुमचे आबा इथे पनवेलला कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचे. आमच्या बाल्कनीतल्या कुंडीत गोगलगाय दिसली की तिला हलकेच बोट लावायचे. ती अंग चोरायची. दहा-बारा वेळा लावलं की चोरायची नाही. "बघ सुमन, बोट सवयीचं झालं. आठवण माणसाच्या कितीतरी आधीची. कुठे खायला मिळतं, कुठे धोका आहे, एवढंच जिवांनी आधी लक्षात ठेवलं. नावं म्हणजे अगदी नवे भाडेकरू. जातील तेव्हा तीच आधी जातील."

त्यांची तशीच गेली. गेल्या वर्षी ते मला विचारू लागले, "बाई, तुम्ही कुणाकडच्या?" मी घरभर चिठ्ठ्या लावल्या, माझ्या फोटोखाली माझं नाव लिहिलं. ते मोठ्याने वाचायचे आणि अक्षर छान आहे म्हणायचे.

पण एक राहिलं. मी पुण्याच्या शाकाहारी घरातली. मासे खायला लग्नानंतर शिकले, काटे काढायला शिकलेच नाही. पंचेचाळीस वर्षं माझ्या डावीकडे बसून ते पाला माशाचे काटे काढून तुकडा माझ्या ताटात ठेवत आले. माझं नाव विसरल्यावरही ठेवत होते. मी मनात म्हणायची, ओळखतात.

एकदा मला खात्री करून घ्यावीशी वाटली. माझा स्वभावच तसा. त्यांना सांभाळायला येणाऱ्या आपटा गावच्या वनिताला मी माझ्या खुर्चीत बसवलं आणि स्वतः समोर उभी राहिले. त्यांनी सावकाश काटे काढले आणि तुकडा तिच्या ताटात ठेवला. "अवो काका, आमी नदीवरची मानसं. काटे आमाला घाबरतात," वनिता हसली. मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "काकी, असलं बगू नये."

म्हणजे त्यांना खुर्ची आठवत होती, मी नाही? की त्यांच्यापुरती मी त्या खुर्चीतच उरले होते... गोगलगाईला बोट कळतं, की बोटामागचा माणूस? हे ज्यांना विचारलं असतं, तेच आता नाहीत.

रेवा, याहून नीट उत्तर माझ्यापाशी नाही. काल पाला केला. वाढून घेतला, आणि माझ्या हाताने आपसूक ताट डावीकडे, त्यांच्या जागेकडे सरकवलं. तेवढं उरलं आहे.